पांढरा दोरा सोडून

आमच्या घरी जेवताना सिदूमामांचं नाव काढायला बंदी आहे. बंदी मुलीने घातली आणि बायकोने तिला तत्काळ अनुमोदन दिलं. "बाबा, मामा आले की उंदीर येतात, उंदीर आले की मान येते, आणि मग मला भात जात नाही," असं मुलीचं म्हणणं. ते खोटं नाही. घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे, पण माझ्या गोष्टीतल्या रक्ताचे शिंतोडे वरणात पडतात अशी तक्रार आहे. म्हणून हे लिहून काढतोय. कागदाला जेवायचं नसतं.

मी सोलापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवतो. नावाआधी डॉक्टर लावतो. त्यामुळे सोसायटीतली माणसं पोटदुखी घेऊन येतात आणि मी त्यांना ओवा खायला सांगतो. या डॉक्टर शब्दातली निम्मी अक्षरं सिदूमामांची आहेत. निम्मी म्हणतोय तेसुद्धा स्वतःची थोडी अब्रू राखून.

सिद्राम, म्हणजे आमचे सिदूमामा, कॉलेजच्या प्राणीघरात अटेंडंट होते. सांगोल्याकडच्या कोरड्या माळावरचा मेंढरं राखणारा माणूस. शिक्षण चौथी. बोटं अशी जाड की शर्टाचं बटण लावताना तीच अडचणीत सापडत. डोक्याला कॉलेजने दिलेलं निळं कापड ते मुंडाशासारखं पीळ घालून बांधत आणि खिशात बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी ठेवत. प्राणीघरात दीड-दोनशे पांढरे उंदीर होते. सगळे एका साच्यातून काढलेले. मी त्यांना शेपटीवरच्या शाईच्या खुणांवरून ओळखायचो, मामा तोंडावरून. "ह्यो कालचा न्हवं, गुरजी. ह्येच्या आईचं नाक असं हुतं," असं ते सांगत. मी खूण बघायचो तर त्यांचंच बरोबर असायचं. कॉलेजात सगळे मला सर म्हणत. मामा तेवढे गुरजी म्हणत, आणि तेही मला काही येत नाही हे पुरतं कळल्यावर म्हणायला लागले.

माझ्या प्रबंधाचा विषय होता, मेंदूला रक्त कमी पडलं तर मेंदूतल्या प्रथिनांचं काय होतं. कागदावर हे फार सभ्य दिसतं. प्रत्यक्षात ते असं होतं: उंदराला भूल द्यायची, गळा उघडायचा, श्वासनळीच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या दोन लाल नळ्या शोधायच्या आणि त्या रेशमी दोऱ्याने कायमच्या बांधून टाकायच्या. मागच्या बाजूने आणखी दोन बारीक नळ्या वर जातात, त्यांच्यावर उंदीर जगतो. खातो, पितो, हिंडतो. काही आठवड्यांनी त्याचं डोकं उतरवायचं, मेंदू बर्फावर काढायचा, थंड द्रावणात घोटायचा आणि त्यात एक रंग घालायचा. प्रथिनं भरपूर असतील तर निळा गडद येतो, कमी असतील तर फिका. समितीची परवानगी होती, नियम होते, सगळं होतं. नव्हतं ते माझ्यात धैर्य.

डोकं उतरवायचं यंत्र कागद कापायच्या यंत्राचा सावत्र भाऊ दिसतो. पहिल्या दिवशी मामांनी बाकीच्या पिंजऱ्यांवर गोणपाट टाकलं. "एकाचं दुसऱ्यानं बघायचं न्हाय," म्हणाले. मग भुलीतला उंदीर काखेत धरून ऊब दिली, त्याच्या कपाळाला भंडाऱ्याचं बोट लावलं, "चुकलं माकलं पोटात घाल," असं पुटपुटले आणि पातं खाली ओढलं. ओली शेंग फोडावी तेवढाच आवाज झाला. पुढचं मला ऐकीव माहीत आहे. मी उभ्याचा आडवा झालो आणि पडताना भुवई बेसिनवर आपटली. शुद्धीवर आलो तेव्हा मामा माझ्या भुवईवर फडकं दाबून बसले होते आणि फरशीवर लाल थारोळं होतं.

"येवढं रगत उंदराचं?" मी विचारलं.

"उंदराचं कुटलं. त्येनं चमचाभर सांडलं. बाकीचं तुमचं हाय की."

ती खूण अजून आहे. मुलगी लहान असताना मी तिला ती वाघाची म्हणून सांगितली होती. ती मोठी झाली आणि वाघाचा उंदीर झाला.

तर नळी बांधणं. लाल नळीला अगदी चिकटून एक पांढरा धागा जातो. ती मज्जातंतूची दोरी, हृदयाला आणि फुप्फुसांना निरोप पोचवणारी. नळीबरोबर ती बांधली गेली की उंदीर आचके देतो आणि तोंडाला फेस येऊन टेबलावरच संपतो. माझे पहिले नऊ उंदीर असेच संपले. भिंग लावून, श्वास रोखून, कपाळाचा घाम बायकोने दिलेल्या रुमालाने टिपत मी नऊ जणांना मारलं. दहाव्याला मामा म्हणाले, "सरा बाजूला." त्या केळ्यांएवढ्या बोटांनी त्यांनी चिमटा उचलला, नळी जराशी वर घेतली, पांढरा धागा नखाने खाली लोटला आणि गाठ मारली. उंदीर शांत घोरत होता.

"पांढरा दोरा सोडून बांधायची, गुरजी. आन् लई आवळायची न्हाय. आवळली की नळी कापती. बांधायचं म्हंजे थांबवायचं, कापायचं न्हवं."

हे त्यांना मेंढरांनी शिकवलं होतं. कातरणीच्या वेळी मेंढीचे चारी पाय एकत्र बांधतात. ती दोरी लोकरीची, हाताने वळलेली. गाठ अशी की मेंढीने कितीही झाडलं तरी सुटत नाही आणि पायाला काचतही नाही. मामांनी तसली एक दोरी माझ्या खुर्चीच्या पायाला अडकवून दिली आणि रोज दुपारच्या डब्यानंतर माझा सराव घेतला. सात वर्षं. एवढ्या काळात माझी एकही गाठ त्यांनी पास केली नाही. ते नुसतं बोट घालून झटका देत आणि गाठ सुटे. "गुरजींची मेंढी पळाली," म्हणत. प्रबंधात मात्र 'मी दोन्ही रक्तवाहिन्या बांधल्या' असं छापलेलं आहे. त्यातला मी कोण, हे आता तुम्हाला कळलं.

दिवसाला दहा-दहा माना उतरवणारा हा माणूस माणसावर कधी हात उगारत नसे. राग आला की दोन्ही हात पाठीमागे नेई आणि उजव्या हाताने डावं मनगट धरून ठेवी. मला वाटे ही शाळेतली सवय असेल. एकदा खाद्याच्या गोण्या घेऊन आलेल्या टेम्पोच्या ड्रायव्हरने वाटेतला पिंजरा लाथेने उडवला. आत आठ दिवसांपूर्वी व्यालेली मादी होती. पिंजरा भिंतीवर आदळला आणि दोन पिल्लं चिरडली. मामा त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"उचल," एवढंच म्हणाले.

"काय उचलू? उंदीर?" ड्रायव्हर हसला आणि त्याने मामांच्या थोबाडीत दिली. मामांचे हात मागे गेले. त्याने दुसरी दिली, ओठ फुटला. तिसऱ्या वेळी बुक्की नाकावर बसली आणि शर्टावर रक्ताची धार लागली. मामा हलले नाहीत. मी दारामागे होतो. दारामागून मी अतिशय कडक शब्दांत त्याचा निषेध केला, पण तो मनातल्या मनात. मामांचं मनगट मला मागून दिसत होतं. बोटं इतकी रुतली होती की पंजा निळा पडला होता. शेवटी ड्रायव्हरच घाबरला. मार खाऊन गप्प उभ्या राहणाऱ्या माणसाची भीती वाटतेच. त्याने वाकून पिंजरा उचलला. मामांनी नाक पुसलं आणि राहिलेल्या गोण्या उतरवून घेतल्या.

त्या दिवशी पिंजरे धुताना त्यांनी सांगितलं. त्यांचा एक धाकटा भाऊ होता, मायाप्पा. दोघे मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडत. एकदा त्याने रागाच्या भरात गाभण मेंढीला दगड घातला आणि ती मेली. मामांच्या हातात बाभळीची काठी होती.

"येकच हाणली, गुरजी. डोस्क्यात. कानातनं रगत आलं."

मायाप्पा जगला. तोंड एका बाजूला गेलं, बोलणं गेलं, स्वभाव गेला. ज्याने कधी आईला उलट उत्तर दिलं नव्हतं तो तिला दगड मारायचा. नऊ वर्षं मामांनी त्याला आपल्या हाताने भरवलं. तो गेला त्या दिवशी मामांनी बिरोबापुढं उभं राहून सांगितलं, ह्या हातानं पुन्हा माणसाला लागलं तर हात झडू दे. मग मेंढरं चुलत्याच्या हवाली केली आणि बायको हौसाबाईला घेऊन सोलापुरात आले.

"आणि हे माना उतरवायचं काम?" मी विचारलं.

"जनावराचं मी देवाला कुटं बोललोय? माणसाचं बोललोय. देवासंगं नेमकं बोलावं लागतं, गुरजी."

आता माझ्या प्रबंधाचा खून कसा झाला ते. नळ्या बांधलेल्या उंदरांच्या मेंदूत प्रथिनं कमी भरत होती, निळा फिका येत होता, सगळं अपेक्षेप्रमाणे चाललं होतं. पण प्रत्येक तुकडीत एक उंदीर असा निघे की त्याचा निळा धडधाकट उंदराएवढाच गडद. प्रत्येक तुकडीत, आणि नेमका एक. आमच्या मार्गदर्शक बाई हरखून गेल्या. त्यांच्या मते हा कमी रक्तावरही तग धरणारा विशेष मेंदू होता, आणि आपण काहीतरी मोठं शोधलं होतं. मी त्यावर आख्खं प्रकरण लिहिलं. घरी बायकोला सांगितलं की परदेशी जावं लागेल बहुतेक, स्वेटर बघून ठेव. सोलापुरात स्वेटर शोधणं हे वेगळंच संशोधन. तिने तेही केलं.

एका दुपारी मामा रजेवर होते आणि मी पाण्याच्या टाकीचा नळ बंद करायला गच्चीवर गेलो. टाकीच्या सावलीत एक जुना पिंजरा होता. आत पाच गलेलठ्ठ उंदीर, प्रत्येकाच्या कपाळावर भंडारा, पुढ्यात शेंगदाणे आणि गूळ. पाचही गळ्यांवर टाक्यांचे वण.

दुसऱ्या दिवशी मी मामांना हाताला धरून गच्चीवर नेलं.

"हे कोण?"

"देवाचं."

"देवाचं म्हणजे?"

"कळपातलं येक देवाला सोडायचं असतंय, गुरजी. सगळाच कळप कोण सुरीखाली घालतंय का?"

"आणि यांच्या जागी मोजणीला कोण?"

"साधा येक ठिवला की. गळ्यावर नुसती कातडी चिरून टाके घातलं. शेपटीला तुमची शाई बी लावली. तुमास्नी मोजणीत कमी नगं पडायला."

माझा विशेष मेंदू तो हा. त्याच्या नळ्यांना कुणी हातच लावला नव्हता. मी पायरीवर बसलो. मामा शेजारी उकिडवे बसले. त्यांना वाईट वाटलं होतं, पण चुकलो असं काही ते म्हणेनात. "तुमी सांगितलं असतं की मोजणी नासती, तर येक जादा मागून घेतला असता," एवढंच म्हणाले. खरं होतं. सहा वर्षांत आपण हे कशासाठी करतोय हे त्यांना सांगावं असं मला एकदाही सुचलं नव्हतं. मी बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि म्हणाल्या, "सगळं पुन्हा करा." एक वर्ष वाढलं. तेव्हापासून आमच्या मागणीपत्रकात प्रत्येक तुकडीमागे एक उंदीर जास्त लिहिला जाऊ लागला. शेरा, 'राखीव'. तो कुणासाठी राखीव, हे कार्यालयाने कधी विचारलं नाही. स्वेटर अजून कपाटात आहे.

त्या दिवशी गच्चीवर मी मामांना पहिल्यांदा विषय समजावून सांगितला. रक्त कमी पडलं म्हणून मेंदू लगेच मरत नाही. तो काटकसर करतो. आणि सगळ्यांत आधी हात आखडतो तो नवी प्रथिनं बनवण्यात. जुनी झिजतात, नवी पुरेशी येत नाहीत. मेंदूच्या पेशी एकमेकींना जिथे निरोप देतात ते सांधे मग ढिले होतात. मामांनी बोटाने टाकीवर टकटक केली.

"म्हंजे आपल्या नळासारकं. चार-पाच दिसाआड पानी येतंय. मानूस काय तहानंनं मरत न्हाय. आदी अंगण धुयाचं थांबतंय. मग झाडं वाळत्यात. मग अंघुळी."

"अगदी तसंच."

"आन् मग नळावर भांडणं व्हत्यात." त्यांनी पिंजऱ्याकडे बोट केलं. पाचातल्या एकाचा कान मुळापासून कुरतडलेला होता, दुसऱ्याच्या पाठीवर मांस दिसत होतं. "हे आदी लई मवाळ हुते. आता येकमेकास्नी फाडत्यात. मायाप्पाचं बी असंच."

मी म्हणालो की नर उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले तर एरवीही भांडतात, यावरून काही सिद्ध होत नाही. शास्त्र म्हणून ते बरोबरच होतं. मामांनी मान हलवली आणि त्या पाचांना पाच वेगळे पिंजरे आणून दिले.

मामा निवृत्त झाले. सणासुदीला भेटायचे. एक दिवस हौसामामींचा फोन आला. "गुरजी, येऊन जावा. ह्ये मला भाकरी कुटं ठिवली ते तीनदा इचारत्यात." मी गेलो. दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या. रक्तदाब आणि साखर दोन्ही वर्षानुवर्षं अंगात मुरलेली होती. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. मानेतल्या दोन्ही नळ्या आतून चिंचोळ्या झाल्या होत्या आणि मेंदूत जागोजागी बारीक डाग होते. डॉक्टर मला समजावून सांगायला लागले की रक्त कमी पडलं की मेंदूत काय होतं. मी ऐकून घेतलं. ज्या विषयावर आपला एकशे ऐंशी पानी प्रबंध आहे तो विषय कुणी हळू आवाजात समजावून सांगत असेल तर मध्ये बोलता येत नाही. हृदयही थकलेलं होतं, शस्त्रक्रिया झेपणार नव्हती. गोळ्या लिहून मिळाल्या.

त्यानंतर मी दर रविवारी जायला लागलो. अडीच वर्षांनंतरच्या एका रविवारी मामा अंगणात खाटेवर बसले होते. मी वाकून नमस्कार केला आणि उठताना त्यांचा पंजा माझ्या गळ्यावर पडला. "पिंजऱ्याला लाथ मारतूस," असं म्हणत त्यांनी मला खाटेच्या लाकडावर दाबलं. अंगठा नेमका उजव्या नळीवर, मधलं बोट डाव्या. मला सात वर्षं भिंग लावून जी सापडत नव्हती ती त्यांना चाचपावीसुद्धा लागली नाही. डोळ्यांपुढे आधी पिवळं झालं, मग काळं. मामी ओरडत आल्या आणि त्यांनी मामांच्या हातावर कळशी आपटली. पंजा सुटला. मी जमिनीवर खोकत होतो. मामा आपल्या हाताकडे बघत होते. तो कुणाचा आहे, अशा नजरेने.

मामी मला पाणी द्यायला आल्या तेव्हा उजेडात मला त्यांचं तोंड दिसलं. एक डोळा सुजून मिटला होता. गालावर चार बोटांचे वळ. खालचा एक दात नव्हता.

"कधीपासून?"

"दिवाळीपास्नं. ऐका, गुरजी. चाळीस वर्सात बोट लावलं न्हाय ह्यांनी. हे मारत्यात का ते आतलं मारतंय?"

मी प्रथिनांबद्दल बोलायला लागलो. रागाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग असतो, त्याला जाणाऱ्या वाटा आधी झिजतात, वगैरे. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"मला माराचं न्हाय काय. मेंढ्या-शेळ्यांत जल्म गेला, लई ढुशा खाल्ल्यात. पर ह्यास्नी कळता कामा नये. कळलं तर ह्ये हातच तोडून घेतील. बिरोबाला बोललेत."

मग मी एक शहाणपणाचा सल्ला दिला. आयुष्यात मी दिलेल्या सल्ल्यांत ओव्याच्या खालोखाल हाच वाईट. म्हणालो, विचारलं तर शेळीनं ढुशी मारली म्हणून सांगा. दारात त्यांची एक शेळी बांधलेली असे.

पुढच्या आठवड्यात मामींचं मनगट मोडलं. मामांनी काठवट फेकून मारली होती आणि ती अडवायला त्यांनी हात पुढे केला होता. मी दुपारी पोचलो तेव्हा मामींचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि मामा लख्ख भानावर होते. असे दिवस अधूनमधून येत. नळाला अचानक पाणी यावं तसे. ते मामींकडे बघत होते.

"तोंडाला काय झालं?"

"शेळीनं ढुशी मारली," मामी म्हणाल्या.

"हात?"

"ते बी तिनंच. पाडलं मला."

मी जोरात मान डोलावली. आजकाल शेळ्यांचं काही सांगता येत नाही, असंसुद्धा काहीतरी बोललो. मामा खाटेवरून उठले. सावकाश दारापर्यंत गेले. शेळीजवळ उकिडवे बसले आणि तिच्या डोक्यावर, कानांमध्ये हात फिरवला. मग आमच्याकडे वळून बघितलं. शेळी भुंडी होती. जन्मापासून तिला शिंगं नव्हती. हे मला अडीच वर्षांत दिसलं नव्हतं, आणि हा सल्ला मी मेंढरांत वाढलेल्या माणसासाठी दिला होता.

ते परत आले. मामींच्या गालावरच्या वळांवर त्यांनी आपली चार बोटं ठेवली, एकेक, मापून बघावीत तशी. बोटं बरोबर बसली. मामी हलल्या नाहीत. मग मामांनी हात मागे नेले. उजव्या हाताने डावं मनगट धरायला गेले, पण उजव्या बोटांत आता तेवढा जोर राहिला नव्हता. मनगट निसटत होतं. दोनदा निसटलं.

ते आत गेले आणि खुंटीवरची लोकरीची दोरी घेऊन आले. खाटेवर बसले, दोन्ही मनगटं जोडून पुढे धरली आणि दोरी मामींकडे केली. मामींनी प्लास्टरचा हात दाखवला. दोरी माझ्याकडे आली.

"मामा, असं बांधायचं नसतं. डॉक्टर गोळी बदलून देणारेत," मी म्हणालो. खरंही होतं ते. नवी गोळी सोमवारपासून सुरू होणार होती.

"सोमवारपातूर बांधा."

मी जमिनीवर बसलो. दोरी दोन वेढे घेऊन फिरवली, टोक खालून काढलं. मनगटाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली, ताठ दोऱ्या दिसत होत्या.

"पांढरा सोडला का?" मामांनी विचारलं.

"सोडला, मामा."

त्यांनी मनगटांना एक झटका दिला. गाठ सुटली. गुरजींची मेंढी पळाली.

"आवळा, गुरजी," ते म्हणाले. सात वर्षांत 'आवळा' असं ते मला एकदाही म्हणाले नव्हते. "लई आवळा. तिच्यावर गेलो तर तुमी न्हाय अडवू शकणार."

मी पुन्हा बांधली. गुडघा खाटेला लावून ओढली, पीळ बसेपर्यंत. त्यांनी झटका दिला. आणखी एक दिला, खांद्यापासून, मेंढी झाडते तसा. खाट हलली. गाठ तशीच होती. मामांनी ती तोंडाजवळ नेऊन नीट न्याहाळली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली.

मी चपला घातल्या. फाटकातून मागे वळून बघितलं तेव्हा मामींनी दुधात भाकरी कुस्करली होती. महिनाभर त्या त्यांना ताट लांबून सरकवत होत्या आणि उडी मारून मागे होत होत्या. आता त्यांनी पाट उचलला, खाटेला अगदी लावून ठेवला, मामांच्या गुडघ्याला खांदा टेकवून बसल्या आणि डाव्या हाताने पहिला घास पुढे केला. मामांनी तोंड उघडलं.